ओकिनावाचे कलाकार आणि ओकिनावाचं संगीत: दोन याद्या वेगळ्या ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: काही महिन्यांपासून जपानी गाणी ऐकताय, आवडलेल्या कलाकारांची यादी काढली तर त्यातले बरेचसे ओकिनावाचे, म्हणजे जपानच्या दक्षिण टोकाच्या बेटांवरचे निघाले. आमुरो नामिए, ऑरेंज रेंज, बिगिन, नात्सुकावा रिमी, किना शोकिची. एवढ्याशा बेटांवर एवढे गायक-वादक कसे, यातलं 'अस्सल' ओकिनावाचं कोणतं, ऐकायला सुरुवात कुठून करावी, आणि पुण्यात राहून सनशिन (तिथलं तीन तारांचं वाद्य) शिकता येईल का? तुम्हाला कुणीतरी "त्यांच्या रक्तातच संगीत आहे" असं सांगितल्याचंही लिहिलंय.

मी ओसाकात राहतो. ओकिनावाची लोकगीतं सनशिनवर गातो आणि नवख्यांना शिकवतो. लहानपणी हिंदुस्थानी गाणं शिकलो होतो, त्यामुळे मराठी कानाला हे संगीत कसं लागतं याचा बऱ्यापैकी अंदाज आहे. तेवढ्या बळावर हे उत्तर.

आधी खरी गुंतागुंत सांगतो. तुमच्या यादीत दोन गोष्टी मिसळल्या आहेत: ओकिनावात जन्मलेले कलाकार आणि ओकिनावाचं संगीत. आमुरो नामिए नाहा शहरातली, पण तिच्या गाण्यांत तिथल्या लोकसंगीताचा सूर शोधूनही सापडत नाही. उलट 'शिमा उता' हे १९९२ चं गाणं जगभर ओकिनावाची ओळख बनलं, आणि ते करणारा 'द बूम' हा बँड ओकिनावाचा नाही. त्याचा गायक मियाझावा काझुफुमी यामानाशी प्रांतातला, म्हणजे फुजी डोंगराच्या बाजूचा. तेव्हा 'एवढे कलाकार कसे' आणि 'अस्सल कोणतं' या दोन प्रश्नांना एकच उत्तर चालणार नाही.

पहिला प्रश्न घेऊ. ओकिनावाची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास, म्हणजे जपानच्या जेमतेम एक टक्का. त्या मानानं कलाकार खूपच जास्त, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पण रक्ताचा सिद्धांत मला पटत नाही. रक्तातच असतं तर सत्तरच्या दशकात सगळे रॉकवाले एकाच गावातून आणि नव्वदच्या दशकात सगळे नाचगाणेवाले एकाच शाळेतून का आले असते? मी जितकं पाहिलं, वाचलं आणि जुन्या लोकांकडून ऐकलं, त्यावरून माझं मत असं झालंय की प्रत्येक पिढीमागे एक ठरावीक जागा आहे. गाणं जिथे पोटाला किंवा मनाला लागत होतं, ऐकणारे समोर बसलेले होते, अशी जागा. ती जागा बदलली की कलाकारांची जातकुळी बदलते.

पहिली जागा खुद्द ओकिनावात नाहीच, ती मी राहतो त्या शहरात आहे. १८७९ मध्ये जपाननं र्‍युक्यूचं राज्य खालसा करून त्याचा ओकिनावा प्रांत केला. पहिल्या महायुद्धानंतर साखरेचे भाव कोसळले, बेटांवर उपासमार आली, लोक विषारी सायकॅडची झाडं नीट न धुता-शिजवता खाऊन मेले. जगायला माणसं बाहेर पडली: हवाई, पेरू, ब्राझील, आणि ओसाकाच्या सूतगिरण्या. ओसाकाच्या तैशो भागात आजही ओकिनावाकडच्या लोकांची मोठी वस्ती आहे. त्या काळी इथल्या काही खाणावळींवर आणि भाड्याच्या खोल्यांवर 'र्‍युक्यूच्या लोकांना प्रवेश नाही' अशा पाट्या लागत. अशा शहरात फुकुहारा चोकी या तरुणानं १९२७ मध्ये 'मारुफुकू' नावाची रेकॉर्ड कंपनी काढली आणि गावाकडची गाणी तबकड्यांवर आणली. ओकिनावाच्या लोकसंगीताचं आधुनिक रूप परगावच्या मजुरांच्या खोल्यांमध्ये घडलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. विरहाची, स्थलांतराची, सैन्यात निघालेल्या नवऱ्याची गाणी या काळातली. चोकी यांचे दत्तक पुत्र फुकुहारा त्सुनेओ पुढे मोठे संगीतकार झाले. १९६५ चं 'बाशोफू' त्यांचं.

दुसरी जागा म्हणजे युद्धानंतरच्या छावण्या. १९४५ च्या लढाईत ओकिनावाचे एक लाख वीस हजारांहून जास्त लोक गेले, म्हणजे साधारण चारातला एक. जगले-वाचले ते अमेरिकन छावण्यांत. सनशिन जळून गेली होती. मग लोकांनी खाण्याच्या रिकाम्या डब्याचं खोकं केलं, छावणीतल्या खाटेच्या लाकडाची दांडी केली आणि पॅराशूटच्या दोऱ्या तारा म्हणून ताणल्या. याला 'कानकारा सनशिन' म्हणतात आणि ती आजही बनते. मी शिकवताना मुलांच्या हाती पहिल्यांदा हीच देतो. आवाज कोरडा आणि थोडा खणखणीत येतो, फार घुमत नाही, पण सूर लागतो. त्या काळात इशिकावाच्या छावणीत ओनाहा बुतेन नावाचे एक दंतवैद्य होते, विनोदी नकला करणारे. ते तेरुया रिन्सुके या पोरसवदा मुलाला बरोबर घेऊन घरोघरी जात आणि म्हणत, "चला, जिवंत राहिलो याचा आनंद साजरा करू." ज्या घरात चार दिवसांपूर्वी कुणी गेलंय तिथेही ते गात. लोक आधी चिडत, मग रडत, मग गात. हा रिन्सुके पुढे 'तेरुरिन' या नावानं घराघरात पोचला, आणि त्याचा मुलगा तेरुया रिन्केन म्हणजे १९७७ पासून चालत आलेल्या रिन्केन बँडचा प्रमुख. एका घराण्यात छावणीतली सनशिन आणि रंगमंचावरचा इलेक्ट्रिक बँड यांच्यात एवढंच अंतर आहे.

तिसरी जागा कोझा. अमेरिकेच्या काडेना विमानतळाच्या फाटकाबाहेर वाढलेलं हे शहर. (१९७४ मध्ये शेजारच्या गावाशी जोडून त्याचं नाव ओकिनावा शहर झालं, पण संगीतवाले अजून कोझाच म्हणतात.) १९७२ पर्यंत ओकिनावा अमेरिकेच्या ताब्यात होतं, १९५८ पासून तिथे डॉलर चालत आणि जपानच्या मुख्य भूमीवर जायला पासपोर्ट लागत असे. व्हिएतनामला निघालेले आणि तिथून परतलेले सैनिक रात्री कोझाच्या बारमध्ये येत. गोऱ्यांची गल्ली वेगळी, काळ्यांची वेगळी. उद्या मरायचंय असं वाटणारा एकोणीस वर्षांचा पोरगा समोर दारू पिऊन बसला असेल तर बेसुरं वाजवून चालत नाही. पटलं नाही तर बाटली फेकून मारायचे, असं त्या काळचे वादक सांगतात. पटलं तर डॉलरचा पाऊस. रात्रीमागून रात्र, तास-तासभराचे कितीतरी खेळ. 'मुरासाकी', 'कंडिशन ग्रीन', 'मेरी विथ मेडुसा' हे बँड या भट्टीतून निघाले. मुरासाकीचा १९७६ चा पहिला अल्बम ऐकताना ऑर्गन आणि गिटार एकमेकांवर कसे धावून जातात ते लक्ष देऊन ऐका. तेव्हा टोकियोतल्या किती बँडना इतक्या कडक श्रोत्यांसमोर इतका सराव मिळत होता? युद्ध संपलं, डॉलर घसरला, गिऱ्हाईक पांगलं आणि त्या बारची रया गेली. पण शहरात अँप होते, वाजवायच्या खोल्या होत्या, वाजवणारे बाप-काका होते. पंचवीस-तीस वर्षांनी ऑरेंज रेंज त्याच शहरातून आले, याचं मला नवल वाटत नाही.

किना शोकिचीही कोझाचेच. वडील किना शोएइ नामवंत लोकगायक. मुलानं शाळकरी वयात शेजारच्या एका दारुड्या काकांवर 'हाइसाइ ओजिसान' हे गाणं केलं. ऐकायला धमाल, शालेय बेसबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत ओकिनावाच्या संघासाठी ते वाजवायची रीत पडली. पण त्या काकांच्या मागे युद्धानंतर उद्ध्वस्त झालेला संसार होता, हे किना यांनी स्वतः सांगितलंय. सनशिनची चाल, रॉकचा ठेका आणि वर पोरकट खोडी, असं ते मिश्रण. १९८० मध्ये त्यांच्या 'ब्लड लाइन' अल्बमवर 'हाना' आलं, त्यात अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांनी गिटार वाजवली, आणि ते गाणं पुढे आशियाभर कुठल्या कुठल्या भाषांत गेलं.

चौथी जागा मी लवकर आटोपतो, कारण तिच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. १९८३ मध्ये नाहात 'ओकिनावा ॲक्टर्स स्कूल' निघालं. ते काढणारे माकिनो मासायुकी मुळात ओकिनावाचे नव्हते, मुख्य भूमीवरच्या एका प्रसिद्ध सिनेघराण्यातले होते. आमुरो आणि मॅक्स, स्पीड, दा पम्प हे गट तिथे घडले. लहान वयात नाच आणि गाणं एकदम शिकवायचं, आणि थेट टोकियोच्या दूरदर्शनसाठी तयार करायचं, ही त्यांची पद्धत. मिनामी साओरी हिनं १९७१ मध्ये, ओकिनावा अजून अमेरिकेकडे असताना, टोकियोत नाव काढलं होतं. शाळेनं त्या वाटेचा हमरस्ता केला. २००० मध्ये जी-८ परिषद ओकिनावात भरली तेव्हा आमुरोनं पाहुण्यांसमोर गायलं, आणि २०१८ मध्ये निवृत्त होण्याच्या आदल्या दिवशी शेवटचं गायलं तेही गिनोवान या ओकिनावाच्याच गावात.

त्यानंतरची पिढी शाळेतल्या मित्रांच्या टोळक्यांची. उरासोएचे मोंगोल ८००, याकेनाचे एचवाय, योमितानच्या किरोरो. टोकियोला न जाता, मोठ्या कंपनीच्या मागे न लागता बेटावर राहूनच रेकॉर्ड करता येतं हे मोंगोल ८०० नं सिद्ध केलं: २००१ चा त्यांचा 'मेसेज' हा अल्बम छोट्या स्वतंत्र कंपनीचा असूनही जपानच्या विक्रीच्या यादीत पहिला आला आणि पंचवीस लाखांहून जास्त खपला. आज नाहाची रॅपर ऑविचही बेटाचं नाव पुढे ठेवूनच गाते.

म्हणजे आतापर्यंत: गिरणी कामगारांच्या खोल्या, छावणी, सैनिकांचे बार, नृत्यशाळा, मित्रांचं टोळकं. पाच जागा, पाच प्रकारचे कलाकार.

आता दुसरा प्रश्न, अस्सल कोणतं. बरेच जण स्वरांवरून ठरवतात. तथाकथित र्‍युक्यू स्वरसप्तकात सा ग म प नी एवढेच स्वर आहेत, सगळे शुद्ध. तुम्ही शास्त्रीय ऐकत असाल तर चटकन तिलंगाचा आरोह आठवेल. फरक असा की तिलंगात उतरताना कोमल निषाद येतो, इथे चढताना-उतरताना शुद्धच. आणि जुन्या गायकांचा हा निषाद आपल्या पेटीच्या पट्टीवर नेमका बसत नाही, किंचित उतरलेला लागतो. माझ्या कानाला तो बसायला बराच काळ गेला. पण हा स्वरसमूह म्हणजे ओकिनावाची परीक्षा, असं मात्र समजू नका. इशिगाकी, ताकेतोमी ही यायेयामाची बेटं नकाशात तैवानला जवळ आहेत, आणि तिथल्या कितीतरी जुन्या गाण्यांत हे स्वर नाहीत. 'तुबारामा' हे तिथलं सगळ्यात काळजाला भिडणारं गाणं घ्या. र्‍युक्यू सप्तक लावून बसाल तर तेच यादीतून बाहेर पडेल. उलट जाहिरातवाल्यांना दोन मिनिटांत ओकिनावा उभं करायचं असतं तेव्हा ते हेच पाच स्वर वाजवतात.

भूगोलही फसवतो. हाजिमे चितोसे हिचं २००२ चं गाणं ऐकून लोक तिला ओकिनावाची समजतात. ती अमामीची. अमामी बेटं १६०९ च्या स्वारीनंतर सात्सुमा या जपानी संस्थानाकडे गेली आणि आज कागोशिमा प्रांतात आहेत. तिथे गळा अचानक वरच्या पोकळ आवाजात उडी मारतो, आणि तारा बांबूच्या पातळ कामटीनं छेडतात. ओकिनावात तर्जनीत शिंगाचा जाडसर नखासारखा तुकडा घालून वरून खाली ठोके देतात, आणि गळा साधा, बोलल्यासारखा. एकदा हा फरक कानात बसला की चुकणार नाही. आणि दुसरीकडे 'दियामांतेस'चा आल्बेर्तो शिरोमा: पेरूत जन्मलेला, ओकिनावाहून गेलेल्यांचा वंशज. १९९१ मध्ये ओकिनावात बँड काढून स्पॅनिशमध्ये गातो. मी त्याला ओकिनावाच्या यादीत बिनदिक्कत घालतो, कारण वर सांगितलेल्या स्थलांतराचं दुसरं टोक त्याच्या गाण्यात आहे.

'नादा सोसो'चं उदाहरण तर फार बोलकं आहे. चाल बिगिन या इशिगाकीच्या बँडची, शब्द टोकियोच्या मोरियामा र्‍योको यांचे, आपल्या गेलेल्या भावावर लिहिलेले, आणि २००१ मध्ये गाजवलं इशिगाकीच्या नात्सुकावा रिमीनं. भाषा प्रमाण जपानी, स्वर र्‍युक्यूचे नाहीत. इशिगाकीच्या लग्नात-मयतीत मात्र लोक ते आपलं म्हणून गातात. माझ्या मते गाणं कुठल्या लोकांनी आपल्या प्रसंगांत घेतलं, ही कसोटी जन्मदाखल्यापेक्षा आणि स्वरांपेक्षा जास्त कामाची. हे माझं मत झालं. काही बुजुर्ग लोकगायकांना ते मान्य नाही. त्यांच्या लेखी भाषा गेली की गाणं गेलं. त्यांचं दुःख मी समजू शकतो. शाळेत स्वतःची बोली बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत, तो काळ त्यांच्या घरांनी भोगलाय, आणि २००९ मध्ये युनेस्कोनं र्‍युक्यूच्या साऱ्या भाषा धोक्यात असल्याचं नोंदवलं. मियाको बेटावरचा शिमोजी इसामू आपल्या बोलीत ब्लूज गातो, ते मी म्हणूनच मुद्दाम ऐकवतो.

सुरुवात कुठून करायची, हे तुमचा कान कुठून आलाय त्यावर आहे. रागदारी ऐकत असाल तर सरळ काडेकारू रिन्शो (१९२०–१९९९) यांच्याकडे जा. आवाज कोरडा, लय सैलसर वाटते, आणि गळा तारेच्या ठोक्यावर न येता थोडा इकडे-तिकडे पडतो. पहिल्यांदा वाटेल हा माणूस ताल सोडतोय. तसं नाही, तिथेच सगळी गंमत आहे. चार-पाच गाणी एका बैठकीत ऐका, एकेक करून नको. त्यानंतर कोजा मिसाको यांचं 'वाराबिगामी' हे अंगाईगीत. रॉकचे असाल तर किना शोकिचींच्या चाम्पलूझ या बँडचा १९७७ चा अल्बम, मग मुरासाकी. तुमच्या यादीवरून तुम्ही पॉपकडून आलेले दिसता. तुम्हाला बिगिनच्या २००२ च्या 'शिमान्चू नु ताकारा'पासून ओशिमा यासुकात्सु आणि आरा युकितो या शिराहो गावच्या दोघांकडे जाणं सोपं पडेल, आणि तिथून चिना सादाओ यांनी उभा केलेला चार बायकांचा 'नेनेझ' हा गट. नोबोरिकावा सेइजिन यांना मात्र घाईत ऐकू नका; त्यांची बोटं इतकी जलद आहेत की कान तयार नसेल तर सगळं नुसतं झर्रकन निघून जातं.

राहिली सनशिन. खऱ्या सनशिनवर अजगराचं कातडं असतं, आणि वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे ते परवान्याशिवाय जपानबाहेर नेता येत नाही. भारतात आणताना तर हमखास अडकेल. तेव्हा कृत्रिम कातड्याची घ्या, नाहीतर डब्याची कानकारा. कृत्रिम कातडं पुण्याच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत फाटतही नाही, खरं कातडं फाटतं. दांडीवर पडदे नसतात, त्यामुळे बोट कानानंच बसवायचं. गाणं शिकलेल्याला ते जड जाऊ नये. तारा सा-म-सा अशा मिळवा, ही मूळ जुळणी. स्वरलिपीला 'कुनकुनशी' म्हणतात: चौकटींचे उभे स्तंभ, उजवीकडून डावीकडे वाचायचे, प्रत्येक चौकटीत बोटाची जागा सांगणारं एक चिनी अक्षर. अशी दहा-बारा अक्षरं ओळखता आली की पुरे, जपानी वाचता यायची गरज नाही.

पहिलं गाणं 'तिनसागु नु हाना' घ्या. लय संथ, सगळं याच जुळणीत बसतं, आणि तिनसागु म्हणजे आपला तेरडा. तिकडे मुली त्याच्या पाकळ्यांनी नखं रंगवत, आणि गाणं सांगतं की नखांना हा रंग लावता तसं आईवडिलांचं सांगणं मनाला लावून घ्या. ते गाताना आधी महिनाभर नुसतं गळ्यानं गा, सनशिन हातात न घेता. तिथे या कलेला 'उता-सनशिन' म्हणतात, गाणं आधी आणि वाद्य मागून, आणि माझ्याकडे येणाऱ्यांपैकी जे आधी गायला शिकतात त्यांचा हात लवकर बसतो. महिन्यानंतर कुठे अडलं तर इथेच लिहा, निषाद लागतोय की नाही ते एखादं रेकॉर्डिंग टाकलंत तर ऐकून सांगेन.